पाऊस उघडला, डोंगर अजून भिजलेलाच आहे

आजच्या भागात पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. हा त्याचाच लिहून काढलेला मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त ‘ॲक्च्युअली’ दहा-बारा ठिकाणी काढून टाकलंय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. मी नवलाख उंबऱ्याचा. तळेगावच्या उत्तरेला, एमआयडीसीला लागून आमचं गाव. बीटेक होऊन सहा-सात वर्षं झाली, नोकरी हिंजवडीत, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. गाव तसं सपाटीवर. जाधववाडीचं धरण, भाताची खाचरं, आता मधेमधे कंपन्यांच्या शेड. आमच्या घरावर काही दरड येणार नाही. पण गाडी काढली की थोड्याच वेळात आंदर मावळात, जरा जास्त वेळ काढला की नाणे मावळात किंवा लोणावळ्याला. म्हणजे डोंगर आमच्या उशाला नाही, पण हाताच्या अंतरावर आहे. आणि आमच्या पिढीचं शनिवार-रविवारचं सगळं आयुष्य त्याच डोंगरात जातं.

तर विषय दरड. त्यातही नेमकं सांगायचं तर सलग तीन-चार दिवस पाऊस झाल्यावर काय होतं, आणि तो थांबल्यावर आपण काय करतो.

दर जुलैमध्ये हे होतं बघा. सोमवारपासून धो धो. बुधवारी वर्क फ्रॉम होम. शुक्रवारी रात्री जोर ओसरतो. शनिवारी सकाळी ढग वर गेलेले, सगळीकडे हिरवंगार, लांबून धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा दिसतायत. साडेसातला ग्रुपवर मेसेज पडतो, “उघडीप आहे, निघायचं का?” तासाभरात त्याच्यावर बारा अंगठे.

उघडीप हा शब्द मुळात शेतकऱ्याचा. पाऊस दोन दिवस थांबला की शेतातली राहिलेली कामं उरकून घ्यायची, ती उघडीप. आपण तो ट्रेकसाठी उचलला. हरकत नाही. पण शेतकऱ्याला एक गोष्ट माहीत असते जी आपल्याला बहुतेक वेळा नसते. वरून पाऊस थांबला तरी वाफसा यायला वेळ लागतो. जमिनीच्या पोटातलं पाणी लगेच जात नाही. वाफसा नसताना शेतात औत घालत नाहीत. डोंगरालाही वाफसा असतो असं समजा.

आता जरा हिमालयात जाऊन येऊ, कारण दरडीचं गणित मला नीट समजलं ते बर्फामुळे. मी तिकडे एक बेसिक कोर्स केला, त्यात हिमस्खलनावर एक अख्खा दिवस होता. तिथे पहिल्या तासातच सांगतात की हिमवादळ चालू असताना कुणी बाहेर पडतच नाही, त्यामुळे प्रश्न येतो तो वादळ संपल्यावर. आकाश निळंशार, उन्हात चमकणारा ताजा बर्फ, फोटो काढावा असा दिवस. आणि धोका सगळ्यात जास्त असतो तो याच वेळी, वादळ चालू असताना आणि ते संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत.

कारण साधं आहे. वादळात पडलेला सगळा बर्फ उतारावर एक जड लादी होऊन बसलेला असतो. त्याच्या खाली आधीचा एखादा भुसभुशीत, कच्चा थर असतो. जुना बर्फ आणि नवा बर्फ एकमेकांना अजून नीट धरलेले नसतात. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला की ती लादी सुटायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त बऱ्याचदा माणूसच असतो. माणसं सापडतात त्या हिमस्खलनांपैकी दहातल्या जवळपास नऊ वेळा ते सुरू करणारा त्याच ग्रुपमधला कुणीतरी असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून तिकडे प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं असतं.

आणि अशा देशांत रोज संध्याकाळी बुलेटिन निघतं, एक ते पाच अशा आकड्यात. उद्या पाऊस किंवा बर्फ पडेल की नाही हे त्यात असतंच, पण मुख्य सांगितलेलं असतं ते उतार आज कोणत्या अवस्थेत आहे. आपल्याकडे हिमालयासाठी संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था असे इशारे देते. तरी अपघात होतात. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर बर्फ आला. ५४ जण सापडले, त्यातले आठ गेले.

आकाशाची अवस्था वेगळी आणि उताराची अवस्था वेगळी. हवामानाचं ॲप पहिलीबद्दल बोलतं. दुसरीबद्दल ते काही बोलत नाही. मी त्या कोर्सवरून आलो आणि पुढचा पावसाळा सुरू झाला तेव्हा डोक्यात हेच फिरत होतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण लादी आहे, कच्चा थर आहे आणि ३० अंशांच्या वरचे उतार तर पाहिजे तितके आहेत.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक पडलेले थर. कडा दिसतो तो काळा कठीण बसाल्ट. पण कड्याच्या पायथ्याला जो उतार असतो, झाडं असलेला, भाताची खाचरं असलेला, तो बराचसा झिजून खाली आलेला माल आहे. माती, मुरूम, मधे अडकलेले दगडधोंडे. त्याच्या खाली कुठेतरी कातळ लागतो. काही ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडा मातकट पट्टा असतो. घाटात डोंगर कापलेला असतो तिथे गाडीतूनही दिसतो, पुढच्या वेळी बघा. पाऊस मातीत मुरत खाली जातो आणि जिथे पुढे वाट मिळत नाही तिथे साठतो.

पुढचं तुम्ही लहानपणी स्वतःच्या हाताने केलंय. दिवाळीतला किल्ला. कोरड्या मातीचा उतार उभा राहत नाही. थोडं पाणी मारलं की माती मस्त धरते, बुरूजसुद्धा उभा राहतो. मग कुणीतरी उत्साहात अख्खा तांब्या ओततं. किल्ला लगेच पडत नाही. आधी चकाकतो. मग पोटाला एक बारीक चीर जाते, आणि तुम्ही चिखल आणायला वळता तेवढ्यात एक बाजू बसकन खाली येते. मातीचे कण एकमेकांना घासून, दाबून धरून उभे असतात. मधल्या जागेत पाणी भरलं की ते कणांना एकमेकांपासून ढकलतं, पकड सुटते. वर पाण्याचं वजन वाढलेलंच असतं. हे व्हायला वेळ लागतो, आणि पूर्ववत व्हायलाही वेळ लागतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बर्फासारखं आपल्याकडे ‘वादळ संपल्यावरच धोका’ असं गणित नाही. आपल्या मोठ्या दरडी बहुतेक पाऊस चालू असतानाच आल्या आहेत. पण तो सहसा पहिल्या दिवसाचा पाऊस नव्हता. आधीच्या दिवसांनी डोंगर भरून ठेवलेला होता.

इर्शाळवाडी घ्या. खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या पोटात, ठाकरांची वाडी. आपल्यातले निम्मे लोक त्या वाडीतून इर्शाळगडला गेले असतील. १९ जुलै २०२३, बुधवारची रात्र, लोक जेवून झोपलेले. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. विधानसभेत तेव्हा सरकारने सांगितलेला पावसाचा आकडा होता तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर.

आता मी इंजिनिअर असल्यामुळे मला या आकड्याशी खेळल्याशिवाय राहवत नाही. तीनने भागा, दिवसाला १६६ मिलिमीटर. हवामान खात्याच्या वर्गवारीत ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति जोरदार’. त्याच्या वरचा, ‘अत्यंत जोरदार’ हा वर्ग सरासरीने गाठलाच नाही. जुलैत घाटमाथ्यावर असा एखादा दिवस आला तर आपण कांदाभजी तळतो. एकेक दिवस सुटा बघितला तर हे घाटातलं नेहमीचं. तीन दिवस एकत्र बघितले तर अर्धा मीटर पाणी. पुणे शहरात वर्षभरात पडतो त्याच्या सत्तर टक्के पाऊस, बहात्तर तासांत.

वजनात बघा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्याच्यावर ४९९ मिलिमीटर पाणी म्हणजे पन्नास टन. एका गुंठ्यावर भरलेले दोन मोठे हायवा उभे केल्यासारखं. अर्थात त्यातलं बरंच वाहून जातं. पण जे मुरतं ते उतारावरच बसलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त अस्वस्थ करते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादी चुकीची होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मुद्दा असा की यादीत नाव नसणं याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा होत नाही, आणि आपण तो तसाच घेतो.

मदतीचं सांगतो. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पोकलेन वर नेता येईना. एनडीआरएफची माणसं, आपल्या भागातले ट्रेकर्स, बचाव पथकं रात्रीच्या पावसात चिखलातून चढत वर गेली आणि हातांनी, फावड्यांनी उकरत बसली. वर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक कर्मचारी हृदयविकाराने गेला. बर्फातल्या त्या दहा-पंधरा मिनिटांची आठवण ठेवा आणि इर्शाळवाडीची चढण डोळ्यांसमोर आणा. म्हणून मला वाटतं की आपल्याकडे बचावकार्य या गोष्टीला फार मर्यादा आहेत. जे काही करायचं ते दरड यायच्या आधी.

माळीण सगळ्यांना माहीत आहे. आंबेगाव तालुका, ३० जुलै २०१४, सकाळ. १५१ माणसं. एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं की समोर गाव असायला हवं तिथे गाव नाहीये. बाहेरच्या जगाला पहिली खबर त्याच्याकडून गेली. आसपासच्या डोंगरावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती हात होता, यावर नंतर बराच वाद झाला. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला मुंडक्कई आणि चूरलमला गावं गेली. तारखेत काही जादू नाही. जुलै संपत आला की पश्चिम घाट महिना-दीड महिना भिजलेला असतो, एवढंच. तळिये, महाड तालुका, २२ जुलै २०२१. त्याच दोन दिवसांत जवळच महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला होता.

आणि ‘हे रायगडात होतं, आंबेगावात होतं, मावळात नाही’ असं कुणाला वाटत असेल तर भाजे. कार्ल्यासमोरचं भाजे, लेण्यांचं, विसापूरच्या पायथ्याचं. जुलै १९८९ मध्ये तिथे दरड आली आणि तीसहून जास्त माणसं गेली. आमच्या वयाच्या कित्येकांना हे माहीतच नसतं. आम्ही भाज्याला गाडी लावतो, मक्याचं कणीस घेतो आणि धबधब्याच्या पायऱ्यांनी विसापूर चढायला लागतो. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना ते दिवस आठवतात.

आता ॲपबद्दल. हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा वेळ घेतो.

पहिली गंमत म्हणजे तुमच्या फोनवरचं लोकेशन. बहुतेकांचं ‘पुणे’ असतं. पुण्यात वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस. लोणावळ्यात चार हजारांच्या वर. मधलं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. जसजसं पश्चिमेला जाल तसा पाऊस वाढत जातो, आणि आमचं गाव मधे कुठेतरी. आमच्या अंगणात भुरभुर असते तेव्हा खांडीकडे, कुसूरकडे काय चाललंय हे अंगणातून कळत नाही. ‘पुणे, अंशतः ढगाळ’ बघून ढाकला निघालेले लोक मी पाहिलेत. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं, पाच जण. ते पाण्याचं प्रकरण, दरडीचं नाही, पण मूळ तेच. तुम्ही उभे आहात तिथला पाऊस आणि तुमच्या डोक्यावरच्या डोंगरावरचा पाऊस हे दोन वेगळे आकडे आहेत.

दुसरी गंमत रंगांची. यलो, ऑरेंज, रेड. हे पुढच्या दिवसांचे इशारे आहेत, आणि ते चांगले असतात, मी त्यांची चेष्टा करणाऱ्यातला नाही. पण आज रेड संपून उद्या ग्रीन झालं की डोंगर ग्रीन होत नाही. आपल्या डोक्यात मात्र ते सिग्नलसारखं होतं. हिरवा लागला, गिअर टाक.

तिसरी गोष्ट तारखेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि साडेआठला संपतो. १९ तारखेच्या नावावर लिहिलेला पाऊस हा १८ च्या सकाळपासून १९ च्या सकाळपर्यंतचा. १९ च्या रात्री पडलेला पाऊस २० च्या खात्यात जातो. त्यामुळे रात्री अकराला तुम्ही ‘आज’चा आकडा बघत असाल तर तो जुना आहे.

मग बघायचं काय? बेरीज. राज्याच्या कृषी खात्याच्या महारेन या साईटवर महसूल मंडळानुसार रोजचा पाऊस येतो. तालुक्याच्या पातळीवर थांबू नका, मंडळ बघा. मावळासारख्या तालुक्यात घाटाकडचं मंडळ आणि आमच्याकडचं मंडळ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मागच्या तीन दिवसांचे आकडे घ्या आणि मिळवा. याला कोडिंग येत असण्याची गरज नाही, फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. मी स्वतःसाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे, ती रोज सकाळी मला तीन दिवसांची आणि सात दिवसांची बेरीज पाठवते. किती बेरीज झाली की दरड येते, असा एकच आकडा सह्याद्रीसाठी मी तुम्हाला देणार नाही. उतार, माती, झाडं, खोदकाम, सगळ्यावर ते ठरतं. पण बेरीज बघायची सवय लागली की ‘आज ऊन आहे’ या वाक्याचा भाव आपोआप उतरतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू केलं, ‘भूसंकेत’ नावाचं पोर्टल आणि ‘भूस्खलन’ नावाचं ॲप आणलं. सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरीपासून झाली. हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या घाटातल्या वाडी-वाडीचा अंदाज रोज फोनवर मिळायला लागला की मी माझी स्क्रिप्ट आनंदाने डिलीट करीन.

ट्रेकवाल्यांसाठी थोडं थेट. आपल्या भाषेत डोंगराच्या प्रत्येक अवयवाला नाव आहे, ते वापरा. सोंड, धार, दांड या वाटा तुलनेने बऱ्या, कारण वरून येणारा माल दोन्ही बाजूंना जातो. नाळ आणि घळ या वाटा म्हणजे डोंगराचं गटार. पाणी, दगड, माती सगळं तिथूनच उतरतं. आठवडाभर पाऊस झाला असेल तर नाळेची वाट त्या शनिवारी नको. विसापूरची ती पायऱ्यांची धबधब्याची वाट याच प्रकारातली, कितीही सुंदर रील होत असली तरी. कड्याखालची लांबलचक आडवी वाट असेल तर तिथे थांबून डबे उघडू नका. बर्फातला नियम इथेही लागू होतो. थांबायचं असेल तर आधी वर बघायचं.

फरक एकच. बर्फात माणूस पाय टाकून लादी सोडवतो. सह्याद्रीत तुमच्या-माझ्या पायाने दरड सुटणं अवघड. आपण ती सोडवतो जेसीबीने, दोन-चार वर्षं आधी. उताराचा पायथा कापून रस्ता काढायचा, सपाट प्लॉट पाडायचे, ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून विकायचे. पायथा हाच वरच्या मातीचा टेकू असतो. तो काढला की वरचं सगळं पुढच्या एखाद्या चांगल्या पावसाची वाट बघतं. मावळात सध्या हे किती चाललंय हे मी सांगायला नको. आमच्या बॅचमधले निम्मे लोक सेकंड होम बघतायत. बघा, जरूर बघा. पण प्लॉटवरून खाली दिसणाऱ्या धरणाकडे बघून झालं की एकदा पाठ फिरवून वर बघा. मागचा उतार ताजा कापलेला आहे का? भिंत बांधली असेल तर तिच्यातून पाणी बाहेर पडायला भोकं, पाइप आहेत का? नसतील तर ती भिंत म्हणजे मागचं पाणी अडवून धरणारं धरण आहे.

रेल्वे या बाबतीत शहाणी. बोरघाटात पावसाळ्याच्या आधी त्यांची माणसं कड्यांवर चढून सुटलेले दगड शोधतात आणि स्वतःच खाली पाडतात, म्हणजे ते जुलैत गाडीवर पडणार नाहीत. बर्फाच्या देशांत स्फोट करून हिमस्खलन मुद्दाम आधीच पाडतात, त्यातलाच प्रकार. तरीही डोंगर तो डोंगरच. एक्स्प्रेसवेवर अडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड आली, जुलै २०२३ मध्ये पुन्हा आली. दोन्ही वेळा रविवार होता.

आता ज्यांना ट्रेकचा पर्याय नाही त्यांच्याबद्दल. आपण नको वाटलं तर घरी बसतो. जे तिथेच राहतात त्यांचं काय?

माझी आत्या आंदर मावळातल्या एका वाडीत दिलेली. नाव सांगत नाही. डोंगराच्या पदरावर पंधरा-वीस घरं, वर कडा, खाली ओढा. दर वर्षी जूनच्या सुमाराला कागद येतो, पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावं. मी शहरातल्या पोराच्या थाटात तिला म्हणालो होतो, “आत्या, कागद आलाय तर खाली शाळेत जाऊन रहा ना दोन महिने.” ती भाकरी थापत होती. म्हणाली, “कागदात माझी म्हस कुठं लिवलीय, दाखव.”

यावर उत्तर नाही. दोन म्हशी, चार शेळ्या, कोंबड्या, आणि जुलै म्हणजे आवणीचा महिना. भात लावायचं सोडून शाळेच्या वर्गात बसायचं, पहाटे म्हशीची धार काढायला पुन्हा वर चढायचं. आणि गेली चाळीस वर्षं काही झालेलं नाही. दोन महिने घर सोडा, हा सल्ला देणाऱ्याला सोपा आहे, पाळणाऱ्याला अशक्य. ‘लोक ऐकत नाहीत’ असं जे बातम्यांत येतं त्याच्या मागे बहुतेक वेळा एक गोठा असतो.

पण तीच आत्या डोंगराचं जे वाचते ते माझ्या स्क्रिप्टला जमत नाही. ती म्हणते, “पाऊस वाजतोय तवर मला झोप लागती. गप झाला की नाय लागत.” पाऊस थांबला की बाकीचे आवाज ऐकू यायला लागतात, म्हणून. ओढा रोजच्यापेक्षा गढूळ आला, त्यात माती-मुळं यायला लागली, की लक्ष ठेवायचं. पाऊस असून ओढा अचानक आटला तर वर कुठेतरी अडलाय, पळायचं. नसलेल्या जागी झरा फुटला, खाचराच्या बांधाला नवी चीर गेली, काल उघडणारं दार आज चौकटीत अडकायला लागलं, झाड किंवा विजेचा खांब कलला. आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकात हीच लक्षणं दिलेली असतात. तिने ती पुस्तकं वाचलेली नाहीत.

मग आम्ही दोघांनी मधला मार्ग काढला. दोन महिने नाही, काही रात्री. कोणत्या रात्री ते बेरजेवरून ठरवायचं, आणि बेरीज तिच्या स्वतःच्या अंगणातल्या पावसाची. मंडळाचं पर्जन्यमापक तिच्या वाडीपासून बरंच लांब, आणि डोंगरात तेवढ्या अंतरात पाऊस बदलतो.

यंत्र काय, तर १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा. वरचा पत्रा पूर्ण कापून काढला. डब्याच्या बाजू सरळ उभ्या असतात, खालून वर सारख्या, म्हणून आत जितके मिलिमीटर पाणी उभं राहील तितकाच पाऊस. बादली चालत नाही, ती वर पसरट असते. डबा पागोळ्यांपासून आणि झाडापासून लांब, उघड्यावर, दगडात घट्ट बसवलेला. सकाळी साडेआठला शाळेतल्या पट्टीने पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, डबा ओतून द्यायचा. मोजायचं काम सातवीतल्या नातवाकडे. जोराच्या पावसात थोडं पाणी उडून जातं, डबा अगदी काटेकोर नाही, पण आपल्याला पाच मिलिमीटरचा हिशोब नकोच आहे.

तीन दिवसांची बेरीज ३०० च्या वर गेली की त्या रात्री आणि बेरीज पुन्हा खाली येईपर्यंतच्या रात्री माणसं खाली झोपणार. ३०० हा आकडा शास्त्रातून आलेला नाही, तो आमच्या घरापुरता, वाद घालून ठरवलेला आहे. मी २५० म्हणत होतो, ती ४००. लक्षणांपैकी एक जरी दिसलं तर बेरीज बघायचीच नाही. म्हशींसाठी खालच्या वाडीतल्या एका भावकीच्या गोठ्यात जागा बोलून ठेवलीय. तो गोठा मिळाला नसता तर बाकीच्या सगळ्या गणिताला काही अर्थ नव्हता, हे आत्यानेच मला दोनदा ऐकवलं.

पहिल्या पावसाळ्यात त्या पाच रात्री खाली झोपल्या. काही झालं नाही. सहाव्या वेळी शेजारच्या घरातली दोन पोरं आणि त्यांची आजी पण आली.

तुमच्या गावात, वाडीत, मामाकडे कुणी असा डबा लावला तर मला रोजचे आकडे पाठवा. गाव, तारीख, मिलिमीटर, एवढंच. साडेआठची वेळ पाळा, म्हणजे खात्याच्या आकड्यांशी जुळवता येईल. आंदर मावळातून आत्तापर्यंत चार डबे आलेत, नाणे मावळातून एक. पवन मावळातून अजून एकही नाही, तिकडच्यांनी मनावर घ्या.